सुरूचं झाड, प्लास्टिकचं की कुंडीतलं? यंदा घरात एकमत होईना

कॅम्पातली_थोरली | ५ डिसेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बेळगाव-खानापूर भागातल्या लोकांना एक विचारायचंय आणि सवयीप्रमाणं विचारायच्या आधी सगळं रामायण सांगणार आहे. घाई असलेल्यांनी सरळ शेवटच्या पॅऱ्यावर उडी मारा.

आमच्याकडं नाताळचं झाड घरातल्या सगळ्यांनी मिळून निवडायचं अशी पद्धत. आजोबांनी घातलेली. झाड म्हणजे सिनेमातलं बर्फातलं नव्हे हो, सुरूचं. खानापूर रोडवरनं आत गेल्यावर आजोबांच्या एका दोस्ताचं शेत होतं, बांधावर सुरूची रांग. आगमनकाळातल्या (नाताळच्या आधीचे चार रविवार) तिसऱ्या रविवारी उपासना आटपली की चर्चच्याच कपड्यांत सगळे काकांच्या मेटॅडोरमध्ये कोंबून बसायचो, आजी पुढं, आम्ही पोरं मागं ताडपत्रीवर, आणि मांडीवर फराळाचा डबा कारण त्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही. एकजण जरी नसला तर निघायचं नाही हा नियम. एका वर्षी मला कांजिण्या झाल्या तर झाड २३ तारखेला आलं, खरं माझ्याशिवाय कोण गेलं नाही. (भाऊ अजून त्याचा राग काढतो.)

निवडायची पण रीत ठरलेली. आजोबा फक्त बुंधा बघणार, काठीसारखा सरळ पायजे. आजी लांब उभी राहून डोळे बारीक करून भरगच्च आहे काय बघायची. आई नवीन सून म्हणून पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, मागची बाजू भिंतीकडंच जाणार, मागनं उघडं असलं तर काय होतंय. आजोबा म्हणाले, देवाला काय पाठीमागनं दिसत नाही काय. तेव्हापासून आई मुद्दाम दरवर्षी मागनं उघडं असलेलंच झाड पसंत करते. एका झाडावर एकमत व्हायला दोन-दोन तास, ऊन डोक्यावर, आजी बांधावर बसून पोरांना शेंगा सोलून देते आणि मोठी माणसं भांडतात.

आणि बाबांच्या खिशात सुतळी. जाड, काळपट झालेली, तिला दोन गाठी. पहिली गाठ कॅम्पातल्या कौलारू घराची, तुळईपर्यंतची उंची, चांदणीला एक वीत सोडून. दुसरी गाठ २००४ ला स्लॅबचं घर झालं त्याची, पहिलीपेक्षा हातभर अलीकडं. झाडाच्या शेंड्याला काठीनं सुतळी लावायची, गाठ जमिनीला टेकली पायजे. टेप घरात आहे, खरं बाबा टेपला हात लावू देत नाहीत.

आता मुद्दा. आजोबा-आजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते शेत यंदा विकलं, प्लॉट पडले, सुरू सगळे तोडले. आम्ही मे मध्ये टिळकवाडीत फ्लॅटमध्ये आलोय, बाबांचा गुडघा ऑपरेशन झालेला. भाऊ पुण्यात. गेल्या वर्षी बाबांच्या ऑपरेशनमुळं जाणं जमलं नाही म्हणून त्यानं ऑनलाइन प्लास्टिकचं झाड पाठवलं, त्यावर सहा फूट लिहिलेलं, स्टँडसकट मोजलं तर पावणेपाच, आणि मधला एक तुकडाच बॉक्समध्ये नव्हता. ते झाड मी धाग्यानं बांधून उभं केलं, पंखा लावला की मान हलवायचं. भाऊ यंदा परत लिंका पाठवूलालाय. बाबा काय बोलत नाहीत, खरं सुतळी टेबलावर काढून ठेवलीय. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिनं आयुष्यात एकदाच नीट झाड निवडलंय, तेही तिला झोप लागलेली.

तर शेवटचा पॅरा: (१) सुरूचं सात-आठ फुटी झाड विकत द्यायला तयार असलेलं कोण आहे काय या भागात, (२) नर्सरीत कुंडीत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतं ते घ्यावं काय, जगतं काय, (३) झाड तोडायला परमिशन लागते काय. कंटेनरभर सल्ले चालतील.

---

खानापूरचा_गडी | ५ डिसेंबर, रात्री ११:१५

अक्का एवढं काय टेन्शन घेऊलालीस. आमच्यात ये की. बांधकामाच्या खांबाला म्हणून बाबानं सुरू लावलेत, पातळ करायचेच आहेत, एक काय दोन घेऊन जा. पैशाचं नंतर बघू, खरं फराळाचा डबा लिहिलीस ते वाचलोय मी.

रस्त्याकडंला नाहीतर फॉरेस्टच्या बाजूला मात्र कोयता लावू नको कुठं. भीमगड अभयारण्य आमच्याच तालुक्यात, लाकडाची गाडी दिसली की थांबवतात. स्वतःच्या शेतातलं असलं तर शेतकऱ्याची चिठ्ठी बरोबर ठेव. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.

---

झाडपाला_मास्तर | ६ डिसेंबर, सकाळी ६:५०

निवृत्त मास्तर असल्यानं लांबड लागणार, माफी असावी.

आधी तिसरा प्रश्न. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, खासगी जागेतलं झाड तोडायला सुद्धा परवानगी लागते. पण सुरू, निलगिरी, सिल्व्हर ओक, नारळ, सुबाभूळ अशा काही लावणीच्या झाडांना त्यात सूट दिलेली आहे. म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः लावलेला सुरू तोडायला अडचण नाही. वरच्या गड्यानं चिठ्ठीचं सांगितलं ते मात्र बरोबर, रस्त्यात कोण कायदा उघडून बसतोय.

आता कुंडीतलं. आपल्याकडं नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते अरोकॅरिया. तुम्ही म्हणता ते बर्फातलं फर वेगळं, हे दक्षिण पॅसिफिकमधलं. बोर्डावर नॉरफोक पाइन लिहिलेलं असतं, पण उष्ण भागात त्या नावानं विकलं जातं ते बहुतेक कुक पाइन असतं, न्यू कॅलेडोनिया बेटावरचं. दिसायला देखणं. फांद्या छत्रीसारख्या एकेका मजल्यावर फुटतात, मुलांना मजले मोजायला द्या. फक्त तीन गोष्टी. शेंडा मोडायचा नाही, मोडला तर झाडाचा घाट कायमचा बिघडला. खालच्या फांद्या पाणी कमी पडून वाळल्या तर त्या जागी नवीन येत नाहीत. आणि कोण फांदी लावून रोप करून देतो म्हणाला तर घेऊ नका, अरोकॅरियाची बाजूची फांदी रुजली तरी आयुष्यभर आडवीच वाढते, वर जायचं तिला कळतच नाही. बी पासून केलेलंच घ्या.

एक गंमत. कुक पाइन सरळ उभं राहत नाही, विषुववृत्ताकडं झुकतं. २०१७ मध्ये अभ्यासकांनी पाच खंडांतली अडीचशेच्या वर झाडं मोजली, सरासरी साडेआठ अंशाचा कल निघाला, पिसाच्या मनोऱ्याच्या दुप्पट. आपण उत्तरेला, म्हणजे आपल्याकडचं दक्षिणेला झुकणार. तुमच्या आजोबांच्या बुंध्याच्या परीक्षेत नापास.

आणि सुरू, तुम्हाला वाईट वाटेल, पण तो पाइनच्या कुळातला नाहीच. ज्याला आपण सुया म्हणतो त्या सुया नव्हेत, हिरव्या बारीक डहाळ्या आहेत, पानं म्हणजे त्यांच्या पेरांवरचे बारके खवले. भिंग घेऊन बघा.

---

कॅम्पातली_थोरली | ६ डिसेंबर, सकाळी ९:०५

सर तुमच्या चरणांना नमस्कार. पेरांचं वाचून एकदम आजोबा आठवले. सुरूची एक काडी घ्यायची, मधल्या कुठल्या तर पेरात हळूच उपसायची आणि परत तशीच खोचायची, आणि पोरांना विचारायचं, कुठं तोडलंय सांग. खोचल्यावर जोड अजिबात दिसत नाही. आम्ही नखानं चाचपत बसायचो. झाड निवडायचं चाललेलं असताना आम्हाला गप्प बसवायला हीच युक्ती होती, आणि ते पान नव्हतं हे मला आज बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गड्या, व्यनि मिळाला. बाबांना विचारून सांगते.

---

एकदाच_घ्या_विषय_संपवा | ६ डिसेंबर, दुपारी १:३०

निपाणीहून. ताई तुमची कहाणी छान आहे पण दरवर्षी एक जिवंत झाड कापायचं आणि दहा दिवसांनी फेकायचं, हे या काळात पटत नाही. चांगलं प्लास्टिकचं घ्या, दहा-पंधरा वर्षं बघायला नको. गेल्या वर्षीचं फसवं निघालं म्हणून सगळीच तशी नसतात.

---

झाडपाला_मास्तर | ६ डिसेंबर, दुपारी २:१०

निपाणीकर, हिशेब वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा अंदाज असा की दोन मीटरच्या प्लास्टिकच्या झाडामागं सुमारे ४० किलो कार्बन, तेवढंच खरं झाड कचऱ्यात कुजलं तर १६ किलो, आणि जाळलं किंवा बागेला आच्छादन केलं तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे जाळलेल्या किंवा आच्छादन केलेल्या झाडाशी तुलना केली तर प्लास्टिकचं झाड दहा-बारा नाताळ वापरलं तरच परवडलं. पंधरा वर्षं खरंच वापरणार असाल तर तुमचं बरोबर, पण आपल्याकडं माळ्यावर टाकलेली वस्तू पंधरा वर्षांनी कोणत्या अवस्थेत निघते ते आपण जाणतो. शिवाय इथं सुरू खांबासाठीच लावलेला आहे, पातळ करताना निघणारच.

---

एकदाच_घ्या_विषय_संपवा | ६ डिसेंबर, दुपारी २:२५

माळ्याचं मान्य. आमच्या माळ्यावरच्या प्लास्टिकच्या तोरणात उंदरानं संसार थाटलेला.

---

गोगटे_सर्कलचा_सिग्नल | ६ डिसेंबर, संध्या. ६:००

सगळं ठीक, पण हे मुळात आपल्यातलं नाहीच ना. इंग्रजांचं फॅड. आपल्या तुळशीवृंदावनाचं कुणाला पडलेलं नाही आणि परदेशी झाडावर धागे.

---

हलशी_ते_हलगा | ६ डिसेंबर, संध्या. ७:२०

सिग्नलभाऊ लाल झालात की. आपलं म्हणजे कुणाचं? लंडन मिशनचे लोक बेळगावात १८२० ला आले, ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली इथंच बेळगावात जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, आणि त्यांनी मराठीत किती लिहिलं ते शोधा एकदा. दोनशे वर्षांत घरात घुसलेली गोष्ट परकी म्हणायची तर मग मिरची, बटाटा, चहा सगळंच भांड्यातनं काढा. आणि फॅड म्हणाल तर इंग्रजांचं सुद्धा ते उसनंच होतं, झाडाची पद्धत जर्मनांची, व्हिक्टोरिया राणीच्या घरच्या झाडाचं चित्र १८४८ ला लंडनच्या पेपरात छापलं तेव्हा कुठं तिकडच्या घराघरांत गेलं.

थोरली, तू लिही गं. सुतळीचं पुढं काय झालं?

---

संपादक_मंडळ | ६ डिसेंबर, संध्या. ७:४५

विषय झाडाचा आहे, झाडावरच राहू दे. अवांतर उडवले जाईल.

---

भडकल_गल्ली_बॉय | ७ डिसेंबर, सकाळी १०:१०

आमच्यात गणपतीची मूर्ती बुक करायला असंच सगळे जातो. बाबांना डोळे बघायचे असतात, आईला सोंड, आणि मला उंदीर. एकदा काकांनी एकट्यानं जाऊन मूर्ती ठरवून आले तर आजी अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही, विसर्जनाला बोलली. त्यामुळं ताई तुमचं शंभर टक्के कळलं.

आणि दिवाळीच्या किल्ल्याचं विचारू काय, तुमच्या एरियात पण करतात काय? आमच्या किल्ल्याचे मावळे अजून खोक्यात टाकायचे राहिलेत.

---

कॅम्पातली_थोरली | ७ डिसेंबर, दुपारी ३:३०

करतात म्हणजे काय, बेळगावात राहून किल्ला नाही असं पोर असेल काय? भाऊ आणि मी मिळून करायचो. आणि ऐक, आमच्या घरी नाताळला गोठा (येशूजन्माचा देखावा) पण असतो. आईचं माहेर गोव्याकडचं, कॅथलिक, बाबा मेथडिस्ट, म्हणून घरात वाटणी अशी आहे की झाड बाबांचं आणि गोठा आईचा. आई डिसेंबर लागला की ताटात माती घालून नाचणी पेरते, २४ पर्यंत हिरवंगार, ते गोठ्यापुढचं कुरण. लहानपणी आमच्याकडं मेंढपाळ दोनच होते, त्यातल्या एकाचं डोकं गेलेलं. मग किल्ल्यावरचे मावळे आणून उभे केले. ढाल-तलवार घेतलेले मेंढपाळ. फादर घरी आशीर्वादाला आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बंदोबस्त चोख आहे.

---

मोगऱ्याची_वेणी | ७ डिसेंबर, रात्री ८:४०

हसून मेले 😂 ढाल-तलवारवाले मेंढपाळ

---

रालेची_शेवंता | ८ डिसेंबर, पहाटे ४:२०

(इकडं संध्याकाळ आहे, वेळ बघून घाबरू नका.) मी मूळची शहापूरची, सतरा वर्षं झाली नॉर्थ कॅरोलिनात. आमच्यात नाताळ नव्हता कधी, खरं इथं आल्यावर मुलांच्या हट्टापायी सुरू झाला आणि आता नवराच जास्त हट्ट करतो. इथं डोंगराकडं झाडांची शेतं आहेत, फ्रेझर फरची, ते झाड मूळचं त्याच डोंगररांगेतलं. थँक्सगिव्हिंगचा सण झाला की लोक गाड्या घेऊन जातात. शेतकरी हातात करवत देतो आणि म्हणतो जा, आवडेल ते काप. सात फुटी झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, म्हणजे आम्ही कापतो ते झाड आमच्या धाकटीच्या वयाचं असतं, हे तिला सांगायची चूक मी केली, ती झाडाला मिठी मारून रडली, आणि आम्ही भोपळ्याचा केक घेऊन रिकामे परत आलो. २०२४ ला हेलीन वादळानं तिकडचे रस्तेच वाहून गेले, आमच्या नेहमीच्या शेतावर नोव्हेंबरात गेलो तर उतारावरची एक अख्खी पट्टी खाली ओढ्यात. तरी तो बाबा उभा होता करवती घेऊन.

भांडण मात्र सेम. नवरा उंच मागतो, मी जाड, मुलगा पहिलंच दिसेल ते म्हणतो कारण त्याला थंडी वाजते. तासाभरानं कोणाला तर बोटं सुन्न होतात आणि त्याच्यासमोर असेल ते झाड ठरतं.

कामाचं सांगते. घरी आणल्यावर बुंध्याचा खालचा एक इंच परत कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. कापलेल्या जागी चीक सुकून तोंड बंद होतं, मग झाड पाणी पीत नाही. पहिल्या दिवशी तर एवढं पितं की दोनदा भरावं लागतं. सुरूला हे लागू पडतं काय मास्तरांना विचारा.

---

झाडपाला_मास्तर | ८ डिसेंबर, सकाळी ७:००

सुरूला फरसारखा चीक नाही, पण ताजा काप दिलेला कधीही चांगला. ओल्या वाळूत उभं करत असाल तर वाळू कोरडी पडू देऊ नका. दिव्यांची माळ एलईडीची घ्या आणि कापसाचा बर्फ दिव्यापासून लांब. सुरू वाळला की चटकन पेटतो.

---

ओल्ड_मॅन_फॅन_क्लब | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

पेटण्याचा विषय निघाला म्हणून. ३१ ला वाळलेला सुरू आम्हाला द्या, ओल्ड मॅनच्या पोटात भरायला यासारखं काय नाही. बाहेरगावच्यांसाठी: बेळगावात कॅम्पात ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता ओल्ड मॅन जाळतात, गवत-कपड्यांचा म्हातारा, सरलेलं वर्ष म्हणून. आमचा ग्रुप यंदा पंधरा फुटी करूलालाय.

---

कॅम्पातली_थोरली | ८ डिसेंबर, रात्री ९:५०

भावाची जुनी मागणी, आणि जुनंच उत्तर: झाड ६ जानेवारीपर्यंत राहतं, बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांचा सण झाल्याशिवाय हलत नाही. लहानपणी एका ३१ ला त्यानं रात्री गुपचूप खालच्या दोन फांद्या कापून नेल्या. सकाळी आजोबांनी झाड बघितलं, काय बोलले नाहीत, फक्त त्याला अख्खा जानेवारी ओल्ड मॅन म्हणून हाक मारली.

बाबा हो म्हणाले. म्हणजे हो असं म्हणाले नाहीत, विचारलं की त्या गड्याच्या शेतात खुर्ची आहे काय.

---

खानापूरचा_गडी | ८ डिसेंबर, रात्री १०:००

खुर्ची हाय, कॉट हाय, म्हातारीची आराम खुर्ची पण हाय. रविवारी या. थंडी लई पडूलाल्या, सकाळी नऊच्या आत येऊ नका, धुक्यात झाड दिसायचं नाही.

---

कॅम्पातली_थोरली | १४ डिसेंबर, रात्री ११:५५

आलो. मंडळी, झाड आलं. पाय दुखतात, हातावर ओरखडे, गाडीच्या सीटवर तांबड्या मुंग्या, पण आलं. सगळं सांगते.

भाऊ शुक्रवारी पुण्याहून बसनं यायचा होता, ऑफिसनं सुट्टी कॅन्सल केली. मग पेच पडला, एकजण नसला तर निघायचं नाही. आई म्हणाली फोनवर घेऊ. बाबा म्हणाले फोनवर कांजिण्या घेतल्या असत्या काय. शेवटी तडजोड झाली, भावाला व्हिडिओ कॉलवर मत आहे, खरं भांडता येणार नाही. गड्याच्या शेतात नेटवर्कची एकच कांडी. भाऊ दोन मिनिटं दिसला, तोंड वाकडं करून चित्र अडकलं, आवाज गेला. बाबांनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, तो नाही म्हणालाय, हे झाड नको. तसं तीन झाडांना झालं. भावाचं अडकलेलं तोंड दाखवायचं आणि बाबा झाड बाद करायचे.

बाबा बांधावर आराम खुर्चीत, पायावर शाल. गड्याची आई त्यांना चहा देऊन बाजूला बसली आणि आमच्या आजीसारखी शेंगा सोलायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं हो. आईनं मागनं उघडं असलेलं झाड दहा मिनिटांत शोधलं. मी म्हटलं भरगच्च पायजे. माझा नवरा गप्प, जावयाला मत असतं हे त्याला सोळा वर्षांत पटलेलं नाही. मुलगी सगळ्यांत टोकाला एका झाडापाशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. मधोमध बुंध्याला बाक. बाबा लांबनं ओरडले, वाकडं आहे. ती म्हणाली, दक्षिणेला झुकलंय. (हे मास्तर तुमचं काम, मी तिला वाचून दाखवलेलं.) बाबा म्हणाले, हा सुरू आहे, तुझ्या मास्तरांचं झाड वेगळं. मग बराच वेळ कोण काय बोललं नाही, आणि बाबा म्हणाले, मला तिथंपर्यंत न्या. गडी आणि नवरा दोघांनी धरून नेलं, ढेकळांतनं, वाटेत दोनदा थांबून. बाबांनी बुंध्यावरनं हात फिरवला, वर बघितलं, आणि खिशातनं सुतळी काढली.

तिसरी गाठ शनिवारीच मारलेली. फ्लॅटमध्ये खुर्चीवर मी चढले, सुतळी सिलिंगला, खाली बाबा जमिनीवर टेकवून, चांदणीची एक वीत सोडून गाठ. शेतात काठीनं शेंड्याला लावली, गाठ जमिनीच्या थोडी वर, बाबा म्हणाले तिथनं काप. गड्यानं दोन घावात पाडलं.

वाटेत गाडीत झाडाचा शेंडा पुढच्या सीटपर्यंत, बाबांच्या कानाला लागत होता. त्यांनी त्यातली एक काडी तोडली, काय तर केलं आणि मुलीपुढं धरली. कुठं तोडलंय सांग. देसूरपासून उद्यमबागपर्यंत तिला सापडलं नाही.

आता गाढवपणा. घरी आलो, तेलाचा पंधरा किलोचा डबा, वाळू, विटा, सगळं नेहमीसारखं. झाड डब्यात उभं केलं आणि शेंडा सिलिंगला लागून मुडपला. सगळे वर बघत उभे. आई म्हणाली, डबा मोजलात काय? जुन्या दोन्ही गाठी आजोबांनी मारलेल्या, त्यांनी डब्याची उंची धरूनच मारलेल्या असणार, आणि ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, बाबांना सुद्धा. आम्ही चाळीस वर्षं ती सुतळी बघतोय.

खाली वॉचमनकडनं करवत आणली. शेवंताताई, तुम्ही एक इंच सांगितलेला, आम्ही चौदा कापले. नेमका खालचा सरळ बुंधा गेला, बाक मधे होता तो तसाच राहिला. मुलगी खूश. बाबांनी तिसरी गाठ नखानं सोडवली आणि डबाभर वर घेऊन परत मारली, आणि सुतळी यंदा मुलीच्या दप्तरात गेली. आईनं झाडाची उघडी बाजू भिंतीकडं फिरवली, बाबांनी परत पुढं घेतली, आत्ता झोपायच्या आधी बघितलं तर परत भिंतीकडं आहे.

आणि हो, आईनं कुणाला न विचारता नर्सरीतनं अरोकॅरियाची कुंडी पण आणलीय, गॅलरीत ठेवलीय. तीन मजले आहेत. फोटो उद्या टाकते.

---

रालेची_शेवंता | १५ डिसेंबर, पहाटे ३:१०

चौदा इंच 😂😂 नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतोय आपल्या स्टँडची उंची आपण तरी कधी मोजली.

---

झाडपाला_मास्तर | १५ डिसेंबर, सकाळी ६:४५

मुलीला पैकीच्या पैकी गुण. कुंडी आठवड्यातनं एकदा पाव फेरा फिरवत जा, नाहीतर उजेडाकडं कलेल आणि दोष माझ्या धड्याला.

---

ओल्ड_मॅन_फॅन_क्लब | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

तो चौदा इंचाचा तुकडा तरी द्या की ओ.

---

कॅम्पातली_थोरली | १५ डिसेंबर, दुपारी १२:०५

भावानं आधीच फोन करून राखून ठेवलाय. २४ ला येतोय म्हणे, येईल तेव्हा खरं.

---

खानापूरचा_गडी | १५ डिसेंबर, रात्री ८:३०

अक्का, डबा मिळाला, करंज्या संपल्या, आई चकलीची कृती विचारूलाल्या. पुढच्या वर्षी तेलाचा डबा पण गाडीत घालूनच या.